कोयत्यांची नोंद आहे, लेकरांची का नाही?

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व सहकारी आणि खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष, संचालक आणि शेती अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

बॉयलर पेटायला आता फार दिवस राहिलेले नाहीत. मंत्री समिती बसेल, तारीख ठरेल, साखर आयुक्तांकडून गाळपाचे परवाने निघतील आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकतानाचे तुमचे फोटो पेपरात येतील. तिकडे आमच्या बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगरात मुकादमांची, म्हणजे मजूर जमवणाऱ्या कंत्राटदारांची, उचल (आगाऊ रक्कम) वाटून झाली आहे. बैलांना नाल ठोकून झालेत, कोपीच्या, म्हणजे तळावरच्या झोपडीच्या, बांबूच्या काड्या आणि ताडपत्र्या बांधून झाल्यात. मोळी टाकायच्या आधी तुम्ही हे पत्र वाचावं, एवढ्यासाठी घाईनं लिहिते आहे.

आधी मी कोण ते सांगते. कृष्णाकाठच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सरकारी नोकर असल्यामुळे खाली नाव घालत नाही, तेवढं समजून घ्या. माझं माहेर बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि वयाच्या तिसऱ्या वर्षापासून बाराव्यापर्यंत मी दर हिवाळा कोपीत काढला आहे. म्हणजे ज्या रस्त्यानं टोळ्या तुमच्याकडे येतात, त्या रस्त्याची दोन्ही टोकं मला माहीत आहेत. आज माझ्या शाळेच्या मागच्या माळावर दिवाळीनंतर कोप्या पडतात, तेव्हा इथले गावकरी म्हणतात, "टोळी आली." आणि माझ्या पोटात अजूनही काहीतरी हलतं.

पत्राचं कारण मागच्या हंगामातलं आहे.

जानेवारीत एका सकाळी चौथी ब च्या खिडकीशी एक मुलगी येऊन उभी राहिली. कडेवर आठेक महिन्यांचा भाऊ. आत ये म्हटलं तर आली नाही, बाळाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, त्याला घेऊनच ये. मग आली. दारात चप्पल काढली आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली. बाळ रडलं की उठून व्हरांड्यात जायची, गप्प झालं की परत. गावाकडच्या शाळेत ती चौथीत होती. वाचायला दिलं तर अडखळत होती, पण गणिताचा एक प्रकार तिला चांगला येत होता. मी फळ्यावर साध्या संख्या मांडल्या की बघत राहायची, आणि "गाडी दोन टन तीनशे चाळीस भरली, कालची एक टन नऊशे, किती जास्त?" असं विचारलं की वर्गात सगळ्यात आधी उत्तर तिचं. चारशे चाळीस.

तिला मी विचारलं, कोप्यांवर तुझ्यासारखी किती लेकरं आहेत? तिनं खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी मात्र चार कागद घेऊन आली. कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या होत्या, त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजूला पेन्सिलनं नावं. सत्तावीस. नावापुढे वय, काहींपुढे इयत्ता, दोन-तीन ठिकाणी नुसतं 'झोळीतलं'. आणि शेवटच्या पावतीवर सहा बैलांचीही नावं. सर्ज्या, पाखऱ्या, हौश्या. मी विचारलं, बैल कशाला गं? तर म्हणाली, "मोजायचं म्हणलं की बैल मोजत्यात ना बाई."

त्या पावत्या घेऊन मी एका कारखान्याच्या गट ऑफिसात गेले. कारखान्याचं नाव इथं घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्या कारखान्यात गेले असते तरी मला हेच ऐकायला मिळालं असतं. तिथले साहेब सज्जन होते, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. कॉम्प्युटर उघडून त्यांनी त्या टोळीची सगळी कुंडली मला दाखवली. मुकादमाचा कोड, करार कुठल्या तारखेचा, कोयते (तोडणाऱ्या जोड्या) किती, गाड्या किती, गेल्या आठवड्यात रोज किती टन आला, आज कोणाच्या कुठल्या गटात तोड आहे, त्या प्लॉटमधला ऊस को ८६०३२ जातीचा आहे आणि लागण कधीची आहे, बैलजोड्यांचा विमा उतरवला आहे की नाही. मी विचारलं, आणि मुलं किती?

ते म्हणाले, "मुलांची नोंद आपल्याकडं नसते मॅडम. कोयत्याची असते. मुलांचं मुकादमाला विचारा."

मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, असतील दहा-बारा.

अध्यक्षसाहेब, तुमच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेला जे कधी जमलं नाही, ते नऊ वर्षांच्या मुलीनं दिवे लागणीच्या आत केलं होतं. म्हणून तक्रारी लिहायला बसले. ज्या मला सगळ्यात जास्त डाचतात त्यांच्यावर जास्त लिहीन, क्रम मोठेपणाचा नाही.

१. कोयता नावाचं माप.

तुमच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धी. हे माप कागदावर साधं दिसतं. आमच्या घरात ते कसं आलं ते सांगते. माझी आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आई पहाटे तीनला उठून भाकरी थापायची आणि बापाबरोबर फडात जायची, मागं आम्ही. धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, संध्याकाळी चूल पेटवायची, हे सगळं आक्काकडे. त्या दिवसांत काही कारखान्यांवर मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा असायच्या, आमच्या तळावरही एक होती. मी तिथं बसू शकले, कारण कोपीत आक्का बसली होती. तिला पंधरावं लागलं तेव्हा आईबापापुढं प्रश्न पडला, वयात आलेली पोरगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, आणि तळावर आणायची तर उघड्या कोपीत रात्री कशी राखायची? उत्तर सोपं होतं. लग्न लावलं. लग्न झालं की नवा कोयता तयार, आणि नव्या कोयत्याला पूर्ण उचल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्याचा आकडा २१.९ आहे. जवळजवळ दुप्पट. यावर भाषणं होतात, बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतात, लग्नात पोलीस जातात. ते सगळं व्हावंच. पण लग्नाला घाई करणारं माप तुमच्या कराराच्या छापील फॉर्मवर आहे, तिकडे कोणी पोलीस पाठवत नाही. आक्काच्या लेकीचंही लग्न अठराच्या आधीच झालं. माझ्या पगारातून तिला शिकवते म्हणाले होते मी. आक्का म्हणाली, "तू इथं आहेस, ती तिथं. रात्री कोण बघणार?" मला उत्तर देता आलं नाही.

२. पटावर गावात, अंगानं फडात.

हा भाग शाळेचा आहे, आणि यात माझ्या खात्याचाही दोष आहे. तो झाकून तुमच्याकडे बोट दाखवणार नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातल्या नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलं आहे. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, वर्षाच्या मध्येच आलं, यातल्या कुठल्याही कारणानं मुलाला परत पाठवता येत नाही. कायदा चांगला आहे. तो आल्यावर साखरशाळा बंद होत गेल्या, कारण मुलांनी नेहमीच्या शाळेत बसायचं होतं. तत्त्व म्हणून मला हेही पटतं. पाचटाच्या शाळेपेक्षा चार भिंतींची शाळा बरी.

पण घडतं काय ते ऐका. गावाकडच्या आमच्या शाळा लहान. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षक किती मिळणार ते ठरतं. पट वीसच्या खाली गेला की शाळा 'कमी पटाची' होते, आणि २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एकत्र करायचं, पत्र निघाल्यापासून तर वीसच्या आतल्या शाळेतला प्रत्येक मास्तर धास्तावलेला आहे. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या अशा शाळा तेव्हा १४ हजारांवर होत्या. मग ऑक्टोबरात निम्मं गाव उसाला निघालं की मास्तर मुलाचं नाव सरकारी पोर्टलवरच्या पटातून सोडेल का? नाही सोडत. सोडलं तर शाळा जाईल, आणि मार्चमध्ये परत आलेलं तेच पोरगं बिनशाळेचं होईल. मी त्याच्या जागी असते तर मीही सोडलं नसतं.

इकडे माझ्या शाळेत ते मूल येतं. मी त्याला वर्गात बसवते, खिचडी खायला घालते, पण माझ्या पटावर ते नाही, कारण पोर्टलवर ते बीडमध्ये 'हजर' आहे. पटावर नाही म्हणून पुस्तकं नाहीत, तांदूळ नाही, जादा शिक्षक तर स्वप्नातही नाही. शिक्षण हमी कार्ड म्हणून एक कागद आहे, मूल जाताना गावच्या शाळेनं द्यायचा आणि इथल्या शाळेनं तो पाहून मुलाला बसवून घ्यायचं. इतक्या वर्षांत माझ्या हातात अशी कार्डं बोटांवर मोजण्याइतकी आली. उचल घेतलेला बाप रात्री अकराला ट्रॅक्टर सुटतो म्हणून निघतो, तो शाळा उघडायची वाट बघत नाही.

सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल आपल्या राज्याच्या व्याख्येनं शाळाबाह्य. त्या हिशेबानं टोळीबरोबर निघालेलं आणि इथं शाळेत न बसलेलं प्रत्येक लेकरू डिसेंबरात शाळाबाह्य होतं. पण ते कागदावर हजर असल्यामुळे कुठल्याच सर्वेक्षणात सापडत नाही. आणि आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिलं तर त्याच वर्गात. ज्या मुलानं नोव्हेंबर ते मार्च वर्ग पाहिला नाही, ते एप्रिलमध्ये पेपरला बसणार.

इथं तुम्ही म्हणाल, हे सगळं शिक्षण खात्याचं झालं, आमचा काय संबंध? संबंध एवढाच की ते मूल त्या दिवशी कुठल्या गावात, कुठल्या कोपीत आहे हे महाराष्ट्रात फक्त तुम्हाला माहीत असतं. गावच्या मास्तराला माहीत नसतं, मला माहीत नसतं, तहसीलदाराला तर नाहीच नाही. तुमच्या स्लिपबॉयला, फडावर पावत्या देणाऱ्या पोराला, माहीत असतं.

३. झोळीतली.

सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अंगणवाडी आहे. इथल्या ताईंकडे मी त्या आठ महिन्यांच्या बाळाचं नाव नेलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "बाई, आईला घेऊन या, मोबाईलवर नोंद करावी लागते." आई पहाटे चारला फडात जाते आणि गाडी खाली झाली की परत येते. मी रविवारी सकाळी तिला गाठायला गेले, तर रविवारीही तोड होती. मूल आहे, आहार आहे, ताई आहेत. आई अंगणवाडी उघडी असताना कधीच मोकळी नाही.

४. काम.

"मुलं काम करत नाहीत, आईबापाबरोबर असतात नुसती." हे वाक्य मी तुमच्या माणसांकडून इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. एकदा सकाळी सातला कुठल्याही फडात जा. दहा वर्षांचं पोरगं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करून पेंढ्या बांधतं, कारण वाढं विकून रोजचा किराणा येतो. बारा वर्षांची मुलगी मोळ्या बांधायला आईच्या मागं असते. तेरा-चौदाचा मुलगा मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढतो, ती फळी ओल्या पाचटानं निसरडी झालेली असते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायला बंदी, फक्त घरच्या उद्योगात, तेही शाळेची वेळ सोडून, मदत चालते. त्या दुरुस्तीवर माझं वेगळं मत आहे, ते असो. पण ऊस आमच्या घरचा नाही ना. शेत बागायतदाराचं, तोड तुमच्या कार्यक्रमाची, वजन तुमच्या काट्यावर. मग तो घरचा उद्योग कसा?

आणि 'खाडा'. एका दिवसाची सुट्टी घेतली की मुकादम पैसे कापतो. तापानं फणफणलेल्या लेकराला दवाखान्यात न्यायचं तर तो दिवस खाड्यात. म्हणून ताप आलेलं मूल पाचटात गोधडीवर झोपवून आई तोडत राहते. तिथंच विंचू-काटा, तिथंच मागं-पुढं होणारा ट्रॅक्टर, आणि तुमच्याकडच्या कित्येक पट्ट्यांत उसातला बिबट्या.

५. अचानक हलणं.

शाळेत मूल रुळायला तीन आठवडे लागतात. तेवढ्यात तोडणीचा कार्यक्रम बदलतो आणि टोळी तीस-चाळीस किलोमीटरवर जाते. आदल्या संध्याकाळी तुमच्या गट ऑफिसातून मुकादमाला फोन जातो. मला जात नाही. सकाळी माळ रिकामा असतो, तीन दगडांच्या चुली तेवढ्या उरतात. ती चौथीतली मुलगी अशीच गेली, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. कर्नाटकाच्या बाजूला गेले असं कोणीतरी म्हणालं. तिकडे जवळची शाळा कानडी.

६. पैसा.

पैसा नाही असं कोणी म्हणू नये. ऊसतोड कामगारांसाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. गाळप केलेल्या प्रत्येक टनामागं कारखान्यांनी १० रुपये आणि तेवढेच सरकारनं घालायचे, असं ठरलं आहे. बऱ्या हंगामात राज्यात १० कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. चौथीतलं गणित आहे, तुमच्या बाजूचेच १०० कोटी होतात. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली. बीड, नगर, जालना या जिल्ह्यांसह ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येकात १०० मुलं. सगळी पूर्ण क्षमतेनं चालली तरी ८,२०० लेकरांची सोय. ऊस तोडायला बाहेर पडणाऱ्यांची संख्या काही लाखांत आहे.

गावातच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालतात. कल्पना उत्तम आहे. आजी-आजोबांजवळ झोपायचं, जेवण शाळेत. माझ्या माहेरच्या गावात मागच्या हंगामात मंजुरी आली तेव्हा गाड्या जाऊन दीड महिना झाला होता. दसऱ्याला यादी पाठवलेल्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त तोवर उसात पोहोचली होती. मंजुरीचं पत्र बघून मुख्याध्यापक हसले म्हणे.

आता तुमची बाजूही मला माहीत आहे, अगदीच माहीत नाही असं नाही. एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) वेळेत द्यायची, साखरेचा भाव आपल्या हातात नाही, उचल घेऊन मुकादम पळतात, कोर्टात केसेस चालतात. २०२४ च्या जानेवारीत तुम्ही तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ दिली, ती संघटनांनी भांडून घेतली असली तरी दिली तुम्हीच. काही कारखान्यांनी कोप्यांवर पाणी, दिवे, फिरता दवाखाना केलेला मी पाहिला आहे. हार्वेस्टर येतील आणि प्रश्नच मिटेल, असंही काही जण सांगतात. माझ्या शाळेमागचा माळ मात्र दर दिवाळीला पहिल्यासारखाच भरतो.

"पोरं आईबापच आणतात, आम्ही बोलावतो का?" असं एका संचालकांनी मला तोंडावर विचारलं होतं. नाही बोलावत. पण आईला बोलावता. पूर्ण कोयता पाहिजे म्हणून तिला बोलावता, आणि अंगावर पिणारं मूल आईबरोबरच येणार. त्याला सांभाळायला त्याची बहीण येणार. हे गणित तुम्हाला न कळण्यासारखं नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. यातल्या बहुतेकांना नवा कायदाही लागत नाही.

पहिली. मुकादमाशी करार करताना कोयत्यांच्या यादीबरोबर लेकरांची यादी घ्या. नाव, वय, इयत्ता, गावची शाळा. जिथं बैलांचा रकाना आहे त्याच्या शेजारी एक रकाना वाढवा.

दुसरी. टोळी उतरल्यापासून आठ दिवसांत ती यादी त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेला द्या. टोळी हलवताना मुकादमाला जो फोन करता, तसाच एक मेसेज शाळेला करा.

तिसरी. दहापेक्षा जास्त कोप्या असतील त्या प्रत्येक तळावर पाळणाघर करा. पत्र्याची शेड चालेल. टोळीतलीच एक बाई तिथं नेमा आणि तिला तोडणीइतकी मजुरी द्या. पहाटे चारपासून गाडी खाली होईपर्यंत. ही एक गोष्ट झाली तर माझ्या शाळेत येणाऱ्या मुलींची कड मोकळी होईल.

चौथी. आजारी लेकरासाठी आई थांबली तर तो खाडा धरायचा नाही, हे कराराच्या फॉर्मवर छापा. मुकादमावर सोडू नका.

पाचवी. एकट्या माणसाला, किंवा आई-मुलगा, दोन भाऊ, दोन बहिणी अशा जोडीला, पूर्ण दर आणि पूर्ण उचल मिळेल असा करार सुरू करा. सगळीकडे जमणार नाही हे कळतं. एका गटात तरी करून पाहा.

आणि सरकारकडे तीन, कारण हे पत्र तिथंही वाचलं जाईल. लेकरांची यादी दिल्याशिवाय गाळपाचा परवाना मिळणार नाही, अशी अट घाला. परवान्याला इतक्या अटी असतात, त्यात ही एक. हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याच्या आत द्या. आणि सहा महिन्यांपुरतं स्थलांतरित मूल दोन्ही शाळांच्या पटावर धरा, म्हणजे गावच्या मास्तराला खोटी हजेरी मांडावी लागणार नाही आणि मला बिनहिशेबी खिचडी वाढावी लागणार नाही.

या मागण्यांसाठी मी उपोषणाला बसणार नाही, नोकरी आहे आणि घरी दोन मुलं आहेत. पण दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी पुन्हा त्याच गट ऑफिसात जाणार आहे आणि तोच प्रश्न विचारणार आहे. इतर गावांतल्या माझ्या शिक्षक बहीण-भावांनी आपापल्या गटात जाऊन विचारावं अशी माझी विनंती आहे. वाद घालू नका. या टोळीबरोबर किती मुलं आली आहेत, एवढंच विचारा आणि मिळेल ते उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा.

त्या चार पावत्या माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पेन्सिल पुसट होत चालली म्हणून मी नावं पेनानं गिरवून घेतली आहेत. सत्तावीस मुलं आणि सहा बैल. कुठल्याही कारखान्याला नमुना म्हणून पाहिजे असेल तर झेरॉक्स काढून देईन. पुढच्या बाजूला तुमचंच निव्वळ वजन छापलेलं आहे.

आपली,
एका जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका
(पूर्वी कोयता क्रमांक माहीत नसलेल्या एका कोपीतली)